एडिंबऱ्याची टांकसाळ

भारतातून पाहुणे आले की एडिंबऱ्याची सहल ठरलेली. किल्ला, राजवाडा, रॉयल माइलवरची पायपीट, लोकरी मफलरींच्या किमतींचे मनातल्या मनात रुपयांत रूपांतर, आणि पाऊस लागलाच (तो लागतोच) तर वस्तुसंग्रहालय. जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्या शहरात जन्मला, ॲडम स्मिथ इथे पुरला आहे, हे पाट्या वाचून पाहुण्यांना कळते. शहराच्या दक्षिणेला विद्यापीठाचा किंग्ज बिल्डिंग्ज नावाचा परिसर आहे. तिकडे कोणी पाहुण्यांना नेत नाही आणि नेऊही नये, कारण तिथल्या इमारती अगदी रुक्ष आहेत. पण मॅक्सवेलच्याच नावाच्या तिथल्या एका इमारतीत संगणकशास्त्राच्या काही मंडळींनी जे काम केले, त्याचे धागे आज आपल्या घराघरांतल्या यंत्रांपर्यंत पोचले आहेत. त्या कामाची हकिकत सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मी पेशाने सॉफ्टवेअर अभियंता, पण पीएचडी यंत्र अभियांत्रिकीतली. म्हणजे ह्या विषयात मी घरचा नाही, शेजारचा आहे. शेजाऱ्याला घरातले सगळेच कळत नाही, पण घरात कोण काय करते हे त्याला बऱ्यापैकी माहीत असते, आणि ते इतरांना सांगायची हौसही असते!

ज्या प्रश्नावर ह्या मंडळींनी आयुष्य घालवले तो एका ओळीत मांडता येतो. संगणकाने दिलेले उत्तर खरे आहे, हे कशावरून? हा प्रश्न पुस्तकी वाटत असेल तर ह्या देशातल्या पोस्टाचे प्रकरण आठवावे. १९९९ ते २०१५ ह्या काळात होरायझन नावाच्या संगणक प्रणालीने दाखवलेल्या तुटीवरून नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. बहुतेक जण गल्लीतले छोटे पोस्ट चालवणारे, आणि त्यांत आपल्या उपखंडातून आलेली कुटुंबे पुष्कळ. सीमा मिश्रा ह्या बाईंना २०१० साली गरोदरपणात तुरुंगात जावे लागले. पूर्वी, १९८४ च्या कायद्याप्रमाणे, इंग्लंडमध्ये संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर यंत्र नीट चालत होते हे आधी दाखवावे लागे. ते कलम १९९९ च्या कायद्याने काढून टाकले गेले. त्यानंतर यंत्र चुकले असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचे, आणि यंत्राच्या पोटात काय आहे ते त्याला बघायला मिळायचे नाही. २०१९ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती फ्रेझर ह्यांनी प्रणालीतले दोष निकालपत्रात एकेक करून नोंदवले, आणि २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

त्या दोषांपैकी एकाला स्कॉटलंडमधल्या एका गावाचे नाव पडले आहे, डॅलमेलिंग्टन. तिकडे आपण नंतर येऊ. आधी एडिंबऱ्याकडे जाऊ.

रॉबिन मिलनर हा माणूस १९७३ साली एडिंबरा विद्यापीठात व्याख्याता म्हणून रुजू झाला. वर्ष काही चांगले नव्हते. गणिती जेम्स लाइटहिल ह्यांचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. त्यात ह्या क्षेत्राने दिलेल्या आश्वासनांच्या मानाने हाती फारच थोडे लागले आहे असा ठपका होता. त्याची झळ एडिंबऱ्यालाही बसली, कारण यंत्रमानवाचे काम तिथे मोठ्या प्रमाणावर चालू होते. मिलनरचा मार्ग मात्र वेगळा होता. यंत्राला माणसासारखा विचार करायला लावण्याच्या भानगडीत तो पडला नाही. माणूस विचार करील, यंत्राने फक्त त्यात खोट राहू देऊ नये, एवढीच त्याची मागणी होती.

मिलनरचे चरित्र पीएचडीवाल्यांनी जरा खाली मान घालून वाचावे असे आहे. जन्म १९३४ चा, प्लिमथजवळचा. केंब्रिजला गणित शिकला. तिथे एडसॅक ह्या आद्य संगणकावर प्रोग्रॅम लिहायचा एक छोटा अभ्यासक्रम त्याने केला, आणि ह्यात काही सौंदर्य नाही, पुन्हा ह्याच्या वाटेला जायचे नाही, असे ठरवून टाकले. नंतर काही काळ शाळामास्तर, मग फेरांटी कंपनीत संगणकाच्याच नोकरीत, मग लंडन आणि स्वॉन्झी इथे अध्यापन. डॉक्टरेट त्याने कधीच केली नाही. १९९१ साली त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाही त्याच्या नावामागे अभ्यास करून मिळवलेले ‘डॉक्टर’ नव्हते. (आमच्या घरी ही गोष्ट मी मुलांना सांगत नाही.)

एडिंबऱ्याला येण्यापूर्वी दोन वर्षे तो अमेरिकेत स्टॅनफर्डला होता. डेना स्कॉट ह्यांनी १९६९ साली प्रोग्रॅमविषयी विधाने सिद्ध करण्याचे एक तर्कशास्त्र मांडले होते. मिलनरने ते यंत्रावर चढवले. हेच एलसीएफ. तुम्ही सिद्धतेची एकेक पायरी टंकायची आणि यंत्राने ती नियमात बसते का ते तपासायचे, असा मामला. त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे कंटाळा: त्याच त्या पायऱ्या शेकडो वेळा टंकायच्या. दुसरी म्हणजे जागा: सिद्धतेची प्रत्येक पायरी यंत्राच्या स्मृतीत साठत जाई, आणि त्या काळची स्मृती म्हणजे चाळीतली खोली. मोठी सिद्धता अर्ध्यावर आली की खोली भरलेली.

एडिंबऱ्यात मिलनरने ह्या दोन्ही अडचणींवर मिळून एक तोड काढली. लॉकवुड मॉरिस आणि माल्कम न्यूई, आणि नंतर माइक गॉर्डन आणि ख्रिस वॉड्सवर्थ हे त्याचे साथीदार. ती तोड काय होती हे समजून घेण्यासाठी आपण टांकसाळीचा दृष्टान्त घेऊ. बाजारात नाणी हजारो हातांतून फिरतात. कोणी ती मोजतो, कोणी देतो, कोणी थैलीत घालून विसरतो. नाणे खरे आहे ह्याची खात्री पटवायला त्याचा जन्मापासूनचा प्रवास कोणी सांगत बसत नाही. नाणे टांकसाळीतूनच पडू शकते, एवढा बंदोबस्त असला की पुरे. मिलनरने ‘प्रमेय’ नावाचा एक प्रकार संगणकभाषेतच तयार केला आणि त्या प्रकारची वस्तू घडवण्याचा अधिकार तर्कशास्त्राच्या मोजक्या नियमांनाच दिला. बाकीच्या प्रोग्रॅमने काय वाटेल ते करावे. शोधावे, भरकटावे, चुकावे, हजार पायऱ्या एका दमात उरकणाऱ्या युक्त्या लिहाव्यात. पण ‘प्रमेय’ असा शिक्का असलेली वस्तू हवी तर टांकसाळीतच जावे लागेल. त्यामुळे सिद्धता साठवायची गरजच उरली नाही. निष्कर्ष तेवढा ठेवायचा. युक्तीत चूक असेल तर ती फार तर काहीच हाती लागू देणार नाही, खोटे प्रमेय मात्र हातात ठेवू शकणार नाही.

मला ही कल्पना पहिल्यांदा समजली तेव्हा अभियंता म्हणून जो आनंद झाला तो सांगता येत नाही. पुलाचा प्रत्येक खिळा तपासण्याऐवजी, भरवसा ठेवावा लागेल असा भाग किती लहान करता येईल, असा विचार त्यामागे आहे. काही पानांत मावणारी टांकसाळ डोळ्यांत तेल घालून तपासता येते, लाख ओळींचा कारखाना तपासता येत नाही.

पण हा बंदोबस्त पाळणार कोण? त्यासाठी भाषाच तशी कडक हवी. म्हणून त्यांनी सिद्धतांविषयी बोलण्यासाठी एक भाषा घडवली. तिचे नाव एमएल, म्हणजे अधिभाषा. १९७८ साली ह्या पाच जणांचा तिच्यावरचा निबंध आला आणि १९७९ साली गॉर्डन, मिलनर आणि वॉड्सवर्थ ह्यांचे पुस्तक. हत्यार धरण्यासाठी घडवलेली मूठच पुढे हत्यारापेक्षा प्रसिद्ध व्हावी, तसे ह्या भाषेचे झाले.

तिचा मोठा गुण म्हणजे प्रकारांची तपासणी. आम्हा यंत्र अभियंत्यांना ही गोष्ट जवळची वाटते. शाळेत परिमाणे शिकवतात ती आठवा. मीटरमध्ये सेकंद मिळवता येत नाहीत, आणि गणिताच्या शेवटी वेगाऐवजी क्षेत्रफळ आले तर आकडेमोड न बघताच कुठे तरी घोटाळा झाला हे कळते. प्रोग्रॅमचेही तसेच. संख्येच्या जागी नाव, नावाच्या जागी यादी असे काही लिहिले गेले तर तो चालवण्यापूर्वीच पकडता येते. (आणि न पकडल्यास काय होते? १९९९ च्या सप्टेंबरात नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झाले, कारण एका प्रोग्रॅमने आवेगाचे आकडे पौंडांत दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन समजून वापरले. एमएलच्या कुळातल्या एफ शार्प ह्या भाषेत आता अशी एककेही प्रकारांच्या तपासणीत धरता येतात.)

प्रकार तपासणाऱ्या भाषा पूर्वीही होत्या, पण त्या दोन तऱ्हांनी छळत. प्रत्येक वस्तूचा प्रकार लिहून द्यावा लागे, जणू सरकारी कचेरीतला अर्ज. शिवाय आकड्यांची यादी उलटी करणारा प्रोग्रॅम वेगळा आणि आडनावांची यादी उलटी करणारा वेगळा. यादी उलटी करणाऱ्याला यादीत काय आहे ह्याच्याशी काय कर्तव्य? मिलनरने १९७८ च्या आपल्या निबंधात ह्या दोन्ही गोष्टी सोडवल्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काही सांगू नये, कोणती वस्तू कुठे कशी वापरली आहे ह्यावरून यंत्रच प्रकार ओळखील. आणि जिथे प्रकाराला महत्त्व नाही तिथे तो मोकळा ठेवील. ह्या मोकळेपणाला मी बहुरूपी म्हणतो. आपल्याकडचा बहुरूपी कधी हवालदार होऊन दारात येतो, कधी साधू होऊन. पण एका वेळी एकच सोंग, आणि ते सोंग पुरते निभावायचे. यादीत आडनावे घातली तर उलटून आडनावेच बाहेर येणार, मध्येच आकडा येणार नाही. अशा तपासणीतून पार पडलेला प्रोग्रॅम चालताना निरर्थक काही करू शकत नाही, हे मिलनरने नुसते म्हटले नाही, सिद्ध केले. रॉजर हिंडले ह्या तर्कशास्त्रज्ञाला ह्याच कल्पनेचा गाभा १९६९ साली सापडला होता, हे मिलनरला ठाऊक नव्हते. आज दोघांचे नाव जोडून घेतात. मिलनरचा विद्यार्थी लुईस डामास ह्याने १९८२ साली त्याच्यासोबत ह्या पद्धतीला पक्के रूप दिले. गमतीचा भाग असा की अगदी वाईट प्रसंगी ह्या पद्धतीला लागणारा वेळ चक्रवाढीने फुगतो असे १९९० च्या सुमारास सिद्ध झाले. पण माणसे जे प्रोग्रॅम खरोखर लिहितात त्यांत तो प्रसंग जवळजवळ येतच नाही.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. बदलता येणाऱ्या पेट्या आणि बहुरूपी प्रकार एकत्र आले की टांकसाळीच्या भिंतीला भोक पडते, हे लवकरच दिसून आले. ते बुजवण्याच्या कितीतरी तऱ्हा झाल्या. १९९० च्या व्याख्येत एक किचकट इलाज होता. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत अमेरिकेतल्या अँड्र्यू राइटने सुचवलेला साधा, थोडा गैरसोयीचा, पण न फसणारा नियम घेतला गेला. वीस वर्षे चाललेल्या ह्या दुरुस्तीत मला त्या मंडळींचा स्वभाव दिसतो. चालून जातेय ना, मग चालू दे, असे कोणी म्हटले नाही.

मिलनर एकटा नव्हता. रॉड बर्स्टल त्याच्याही आधीपासून एडिंबऱ्यात होता. त्याने डेव्हिड मॅक्वीन आणि डॉन सॅनेला ह्यांच्यासह १९८० साली होप नावाची भाषा मांडली. ते नाव आशेवरून नव्हे, विभाग पूर्वी जिथे होता त्या होप पार्क स्क्वेअरवरून आले! त्या भाषेतल्या नमुन्यांवरून फाटे फोडण्याच्या सोयी आणि एमएलचे प्रकार एकत्र करून मिलनरने १९८३ साली ‘स्टँडर्ड एमएल’चा प्रस्ताव मांडला. बर्स्टलचाच विद्यार्थी गॉर्डन प्लॉटकिन ह्याने प्रोग्रॅमचा अर्थ पायरी पायरीने, अनुमानाच्या नियमांनी सांगण्याची पद्धत १९८१ साली डेन्मार्कमध्ये दिलेल्या व्याख्यानांत मांडली होती. त्याच धाटणीने १९९० साली मिलनर, मॅड्स टॉफ्टे आणि रॉबर्ट हार्पर ह्यांनी संपूर्ण भाषेची व्याख्या एका पातळ पुस्तकात छापली. व्यवहारात वापरायच्या अख्ख्या भाषेचा नेमका अर्थ असा गणिती नियमांत बांधून देणे त्या काळी जवळपास कोणी केले नव्हते. पाणिनीची आठवण होते, पण ती तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. पाणिनीने बोलल्या जाणाऱ्या भाषेचे नियम शोधले, ह्यांनी आधी नियम केले आणि मग भाषा बोलायला दिली.

१९८६ साली बर्स्टल, मिलनर, प्लॉटकिन आणि मॅथ्यू हेनेसी ह्यांनी मिळून संगणकशास्त्राच्या मूलतत्त्वांची प्रयोगशाळा काढली. मिलनर पहिला संचालक. प्रयोगशाळा म्हटल्यावर डोळ्यांसमोर काचेची भांडी येतात. इथे फळा, खडू, आणि चहा.

ह्या टांकसाळीची उपयुक्तता बाहेरच्या जगाला पटायला एक अपघात व्हावा लागला. १९९४ साली थॉमस नाइसली ह्या अमेरिकन गणितज्ञाला इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकार काही ठिकाणी चुकतो असे आढळले. आधी कंपनीने चूक क्षुल्लक ठरवली, पण अखेरीस चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. पुढे इंटेलने ज्यांना कामावर घेतले त्यांत जॉन हॅरिसन होता. तो केंब्रिजला माइक गॉर्डनचा विद्यार्थी, म्हणजे एडिंबऱ्याच्या मूळ चमूतल्या त्याच गॉर्डनचा. हॅरिसनने एमएलच्या कुळातल्या भाषेत, अगदी छोट्या टांकसाळीभोवती रचलेला सिद्धता-तपासनीस लिहिला होता आणि तो चिपांमधल्या दशांश गणिताची पद्धत तपासायला वापरला. त्याच तपासनीसाचा मोठा वाटा थॉमस हेल्स ह्यांच्या कामात आहे. फळवाला संत्री रचतो त्यापेक्षा दाट रचना गोलांची होऊ शकत नाही, हे केप्लरचे १६११ सालचे अनुमान आहे. हेल्स ह्यांनी १९९८ साली दिलेली त्याची सिद्धता इतकी लांब होती की परीक्षकांनी पूर्ण खात्री देण्याबाबत हात टेकले. २०१४ साली ती यंत्राने तपासून पुरी झाली.

आता मिलनरच्या दुसऱ्या कामाकडे वळू, कारण डॅलमेलिंग्टनची वाट तिकडून जाते. एक यंत्र एकटे आकडेमोड करते ते एक. पण अनेक यंत्रे एकमेकांशी बोलत, एकाच वेळी चालतात तेव्हा काय? १९८० साली मिलनरने अशा संभाषणाचे बीजगणित लिहिले. १९९२ साली योआकिम पॅरो आणि डेव्हिड वॉकर ह्यांच्यासह त्याने पाय-कॅल्क्युलस मांडले. त्यात संदेशातून दुसऱ्या संदेशाचा पत्ता पाठवता येतो. एखाद्याने फोनवर तिसऱ्याचा नंबर द्यावा आणि तुम्ही तिथे फोन लावावा, तसे. मोबाइल फोन फारसे कोणाच्या खिशात नव्हते तेव्हाची ही गोष्ट.

जपानच्या कोहेई होंडा ह्या संशोधकाने १९९३ साली ह्यात प्रकारांची कल्पना आणली. आपल्या तमाशातले सवाल-जवाब आठवा. सवाल झाला की जवाब, मग त्याच्यावर सवाल. एकाने लागोपाठ दोनदा जवाब दिला तर फड हसेल. दोन यंत्रांच्या संभाषणात कोणी कधी बोलायचे, काय बोलायचे आणि केव्हा थांबायचे, हा सारा क्रमच ‘प्रकार’ म्हणून लिहून ठेवायचा आणि प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासायचा. ह्याला सत्र-प्रकार म्हणता येईल.

२००३ साली फिलिप वॉडलर एडिंबऱ्यात प्राध्यापक म्हणून आला. हास्केल भाषेच्या जनकांपैकी हा एक. व्याख्यान रंगात आले की शर्टाची बटणे काढून आत घातलेला लॅम्डा अक्षराचा बनियन दाखवणारा हा गृहस्थ आहे. कीर्तनकारालाही असे वेषांतर सुचणार नाही. २००६ साली त्याने आणि सॅम लिंडली, एझ्रा कूपर, जेरेमी यॅलप ह्यांनी लिंक्स नावाची भाषा पुढे आणली. पडद्यावरचा भाग, मधला संगणक आणि माहितीचा साठा ह्या तिन्हींसाठी तीन भाषा शिकण्याऐवजी एकाच भाषेत लिहावे, असा तिचा हेतू. लिंक्स बाजारात कोणी फारशी वापरत नाही. पण पुढच्या कितीतरी कल्पनांची तालीम तिच्यात झाली. २०१२ साली वॉडलरने सत्र-प्रकार आणि फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ जिरार ह्याचे १९८७ सालचे रेषीय तर्कशास्त्र ह्यांचे नाते नेटके करून दाखवले. ती वाट लुईस काइरेस आणि फ्रँक फेनिंग ह्यांनी २०१० साली उघडली होती. रेषीय तर्कशास्त्रात गृहीतक म्हणजे पैशासारखे. एकदा वापरले की संपले, आणि न वापरता टाकूनही देता येत नाही. २०१३ पासून ग्लासगो, लंडनचे इंपीरियल कॉलेज आणि एडिंबरा ह्यांनी मिळून सरकारी अनुदानावर ह्या विषयाचा मोठा प्रकल्प चालवला.

आणि आता डॅलमेलिंग्टन. २०१५ साली एका पोस्टातून त्याच्या बाहेरच्या शाखेसाठी ८,००० पौंड नेले गेले. पैसे पोचल्याची नोंद करताना पडदा गोठला, म्हणून चालक बाईंनी बटण पुन्हा दाबले. पडद्यावर काही हलेना, पण प्रत्येक दाबण्याला आत एक नोंद होत होती. एकूण चार नोंदी झाल्या आणि २४,००० पौंडांची तूट दिसू लागली. ह्या वेळी कोणी तुरुंगात गेले नाही, तोवर हे प्रकरण चव्हाट्यावर आले होते. पण हा दोष त्यापूर्वी अनेक शाखांत होऊन गेला होता. ‘पोचले’ हा जवाब एकदाच द्यायचा आणि मग सत्र संपले, एवढीच अट पाळली गेली नाही.

सत्र-प्रकार असते तर होरायझनचे सगळे टळले असते, असे मी म्हणणार नाही. त्या प्रकरणात तांत्रिक चुकांइतकाच दोष मोठ्या खुर्च्यांवरच्या माणसांच्या खोटेपणाचा होता, आणि त्यावर कोणतीही संगणकभाषा चालत नाही. पण ‘एकदाच’ हा शब्द प्रोग्रॅममध्ये लिहिता येतो आणि यंत्राकडून पाळून घेता येतो, हे गणित पहिल्या शिक्षा झाल्या त्या वर्षांत कागदावर तयार होते. कागदावरून दुकानात यायला ह्या कल्पनांना साधारण वीस ते तीस वर्षे लागतात, असा माझा अंदाज आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते.

ही वाट कशी लांबते त्याचे एक चांगल्या शेवटाचे उदाहरण देतो. १९७८ चा बहुरूपीपणा जावा भाषेत २००४ साली आला, तोही वॉडलर, मार्टिन ओडर्स्की आणि इतर दोघांनी १९९८ मध्ये केलेल्या आराखड्यावरून. गूगलची गो भाषा २००९ साली त्याच्याविना जाहीर झाली. पुढे तिच्या कर्त्यांपैकी रॉब पाइक ह्यांनीच वॉडलरला मदत करता का असे विचारले. २०२० साली वॉडलर, इंपीरियलच्या नोबुको योशिदा, गो भाषेचे रॉबर्ट ग्रिसेमर आणि साथीदारांनी त्याचे गणित मांडले, आणि २०२२ च्या मार्चमध्ये ती सोय गो भाषेत आली. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे.

प्रयोगशाळेचा पत्ता मधल्या काळात बदलला. १९९८ साली संगणकशास्त्र, कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे विभाग एकत्र झाले. २००२ च्या डिसेंबरात काउगेटमध्ये लागलेल्या आगीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे ग्रंथालय जळाले, आणि २००८ पासून सारी मंडळी शहराच्या मध्यभागी इन्फॉर्मॅटिक्स फोरम नावाच्या नव्या इमारतीत आली. ही इमारत पाहुण्यांना दाखवायला हरकत नाही, वस्तुसंग्रहालयापासून चालत फार तर दहा मिनिटे. मिलनर १९९५ सालीच केंब्रिजला गेला होता. २०१० च्या मार्चमध्ये तो वारला.

प्लॉटकिन मात्र एडिंबऱ्यातच राहिला. त्याने आणि जॉन पॉवरने ह्या शतकाच्या आरंभी प्रोग्रॅमच्या ‘परिणामां’चे बीजगणित मांडले. परिणाम म्हणजे फाइल वाचणे, यादृच्छिक निवड करणे, चूक जाहीर करणे असे हिशेबाबाहेरचे उद्योग. २००९ साली प्लॉटकिन आणि त्याचा स्लोव्हेनियातून आलेला विद्यार्थी मातिया प्रेटनार ह्यांनी ह्या परिणामांना ‘हाताळणारे’ कसे लिहावेत ते दाखवले. आजी गोष्ट सांगते आहे, मध्येच नातू विचारतो, राक्षस कुठे राहत होता? जुन्या पद्धतीत चूक जाहीर झाली की गोष्टच बंद. हाताळणाऱ्याच्या पद्धतीत कोणीतरी उत्तर देतो आणि आजी त्याच वाक्यापासून गोष्ट पुढे नेते. उत्तर कोणी द्यायचे, आईने की काकाने, हे आजीला ठरवावे लागत नाही.

ओकॅमल ही एमएलची फ्रेंच घरात वाढलेली नात. तिच्यात अनेक कामे एकाच वेळी चालवण्याची सोय करायची होती, त्यासाठी हीच कल्पना कामी आली. ते काम केंब्रिजमध्ये सुरू झाले आणि त्याचा बराच भार के. सी. शिवरामकृष्णन ह्यांनी आयआयटी मद्रासमध्ये राहून वाहिला. २०२२ च्या डिसेंबरात ओकॅमलची पाचवी आवृत्ती ह्या हाताळणाऱ्यांसह बाहेर पडली. त्यानंतर वर्षभरात डॅनियल हिलरस्ट्रॉम आणि एडिंबऱ्याच्या सॅम लिंडली ह्यांनी साथीदारांसह, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेबअसेम्ब्ली ह्या यंत्रभाषेत हाताळणारे कसे बसवावेत ह्याचा आराखडा प्रसिद्ध केला. तो त्या भाषेच्या समितीपुढे ठेवलेला आहे.